डाव्या मनगटावरचं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे, आणि मला काही वाटत नाही हे आधीच सांगून टाकतो. मला थंडी वाजत नाही, राग येत नाही, कुणाच्या आठवणीने गळा दाटून येत नाही, कारण गळाच नाही. तुम्ही म्हणाल, मग स्वतःची गोष्ट सांगायला बसलास कशाला? तर त्याचं कारण असं की माझ्या मालकांच्या डाव्या हातालाही काही वाटत नाही. त्या हातावर मी बांधलेला असतो. न वाटणारे आम्ही दोघे एकमेकांच्या संगतीने जे काही बघत गेलो, ते तुम्हाला सांगावं म्हटलं.

आधी माझं पोट समजून घ्या, नाहीतर पुढची सगळी भानगड डोक्यावरून जाईल.

किल्लीचं घड्याळ रोज किल्ली मागतं. सेलचं घड्याळ सेल मागतं. मी दोन्ही मागत नाही. माझ्या पाठीत अर्ध्या चकतीसारखं एक जड वजन आहे, मधल्या आसावर मोकळं सोडलेलं. हात हलला की ते गरकन फिरतं. ते एका चाकाला फिरवतं, ते चाक त्याच्याहून लहान चाकाला, आणि शेवटी तिळाएवढं एक लोहचुंबक भिंगरीसारखं सुसाट सुटतं. त्याच्या शेजारी केसाहून बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी आहे. चुंबक फिरलं की त्या तारेत वीज जागी होते. सायकलच्या चाकाला घासून दिवा लावणारा डायनामो तुम्ही पाहिला असेल, तर तोच प्रकार, फक्त मुंगीच्या मापाचा. ही वीज एका बटणाएवढ्या कपॅसिटरमध्ये साठते. तेच माझं पोट. पोटातली वीज क्वार्ट्झच्या काडीला थरथरवत ठेवते, आणि तिची थरथर मोजून सेकंदकाटा एकेक घर पुढे जातो. थोडक्यात, तुम्ही हात हलवलात की मी जेवतो, तुम्ही बसून राहिलात की माझा उपास.

उपास घडला की मी ओरडत नाही. माझा सेकंदकाटा तेवढा दोन सेकंद गप्प उभा राहतो आणि मग दोन घरं एकदम उडी मारतो. वेळ बरोबरच असते. पण बघणाऱ्याने ओळखावं की पोट रिकामं होत आलंय, हात हलवा. नाही हलवला तर मी थांबतो. थांबल्यावर दुखत नाही. मधला काळ नुसता नसतो.

जपानमधल्या सुवा तळ्याकाठच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा ही तऱ्हा नवी होती. हाताच्या हालचालीवर क्वार्ट्झ चालवायचं हे ऐकूनच लोक हसायचे. कारखान्यात एक यंत्र आम्हाला दिवसभर इकडून तिकडे हेलकावत बसायचं आणि आमची पोटं भरायची. पण यंत्र म्हणजे काही माणूस नव्हे. माणूस जेवतो, झोपतो, रुसून बसतो. म्हणून काही घड्याळं कामगारांच्याच मनगटांवर चढवून घरी पाठवायची पद्धत होती. मी योशिनोरी मियासाका यांच्या वाट्याला आलो.

योशिनोरी आमची चाकं जुळवायच्या टेबलावर काम करायचे. तरुण होते, कामात एकदम नेमके, आणि कामाबाहेर इतके स्वस्थ की खुर्चीत बसले तर खुर्चीच जास्त हलते असं वाटावं. हिवाळ्यात तळं गोठलं की सुट्टीच्या दिवशी ते बर्फाला भोक पाडून वाकासागी धरायला बसत. हे बोटाएवढे मासे. त्यांची बायको तोमिए ते पिठात बुडवून तळायची, आणि ते डोक्यासकट खायचे असतात. तर गळ उजव्या हातात, डावा हात कोटाच्या खिशात, आणि खिशात मी. सकाळपासून अंधार पडेपर्यंत तो हात हलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना सर्दी झाली म्हणून ते अंथरुणातच राहिले. तिसऱ्या दिवशी मी बंद.

कारखान्यात शेजारच्या टेबलावर याझाकी नावाचे त्यांचे मित्र होते. तोंडाने भलतेच तिखट. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हातातला चिमटा खाली ठेवला.

"मियासाका, तुझं घड्याळ गेलं की रे."

"बिघडलं असेल."

"बिघडलेलं नाही. त्याला वाटलं मालक वारला. अंगावर घातलंय आणि काहीच हलत नाही, मग ते बिचारं काय समजणार?"

मागे साहेब उभे होते. त्यांनी मला हातात घेतलं, दोन हेलकावे दिले, काटा चालायला लागला. साहेब शांतपणे म्हणाले, "घड्याळात काही दोष नाही. दुसऱ्या मनगटावर घालून बघा."

सगळं टेबल खालमानेने हसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, जन्मात पहिल्यांदा, योशिनोरी देवळाच्या अंगणात रेडिओवरच्या कवायतीला जाऊन उभे राहिले. आमच्याकडे रोज सकाळी रेडिओवर पियानो वाजतो आणि त्याच्या तालावर लहानथोर हात वर, हात खाली, हात गोल असं करतात. माझं पोट तुडुंब भरलं.

तोमिएने घरी आल्यावर चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "लग्न झाल्यापासून उठवतेय मी, कधी उठला नाहीत. शेवटी उठलात ते कुणासाठी, तर घड्याळाच्या पोटासाठी."

"कामाचा भाग आहे तो," योशिनोरी म्हणाले.

तपासणी संपली. माझी पाठ इतक्यांदा उघडली होती की तिच्यावर ओरखडेच ओरखडे, विकायच्या लायकीचा मी राहिलोच नव्हतो. साहेबांनी मला योशिनोरींकडेच राहू दिलं, आणि कवायतीची सवयही राहिली. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतली पोरं देवळात जमायची तेव्हा सगळ्यात पुढे उभं राहून कवायत घ्यायला योशिनोरींनाच बोलवायला लागले. पोरं त्यांच्या मनगटाशी कान लावून माझ्या वजनाची घरघर ऐकायची. "आत उंदीर आहे," असं एकाने सांगितलं आणि पुढची कितीतरी वर्षं मी गल्लीत उंदराचं घड्याळ म्हणून प्रसिद्ध होतो. मला त्याचं बरं वाटलं असं म्हणणार नाही. सांगितलं ना, मला वाटत नाही.

वर्षं गेली. माझं पहिलं पोट थकलं. आमच्या पिढीतल्या सगळ्यांचंच थकलं, त्यात कुणाची चूक नाही. सकाळी कवायत करून भरलं तरी संध्याकाळी काटा दोन-दोन उड्या मारायला लागायचा. याझाकींनी तोवर कारखाना सोडून स्टेशनच्या रस्त्यावर घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं होतं. त्यांनी माझी पाठ उघडली, कपॅसिटर काढला आणि पुन्हा पुन्हा भरता येणारा नवा सेल बसवला.

"लोक येतात आणि सांगतात, साधाच सेल घाला हो, स्वस्तात होईल," ते भिंगातून बघत बोलत होते. "साध्या सेलमध्ये वीज परत कोंबायला गेलं तर तो आतल्या आत ओकतो, सगळं यंत्र नासतं. आणि दुसरे असतात ते जपून ठेवणारे. आई गेली, वडील गेले, त्यांचं घड्याळ देवघरात फोटोपुढे मांडून ठेवतात. रोज उदबत्ती लावतात. वर्षाने मला आणून दाखवतात की बंद पडलं. अरे, तुम्हीच उपाशी मारलंत ना त्याला."

त्यांनी माझ्या वजनाच्या आसाला सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल दिलं, पाणी अडवणारी रबरी कडी बदलली, पाठ लावली, आणि मी पुन्हा योशिनोरींच्या मनगटावर.

योशिनोरी निवृत्त झाले. कवायत चालूच राहिली.

मग एका थंड सकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांच्या डाव्या हातातून सूपाची वाटी सुटली. गरम सूप माझ्यावर, त्यांच्या बोटांवर, मांडीवर. ते डावीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे कुणी सांडलं?"

तोमिएने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तोंडाची डावी कड खाली आली होती. तिने मला काढलं, ओली बोटं पुसली आणि फोन उचलला.

दवाखान्यातलं मला काही सांगता येणार नाही. मी तोमिएच्या पिशवीत होतो आणि थोड्याच दिवसांत थांबलो. पुन्हा चालू झालो तेव्हा योशिनोरी घरी होते, कोतात्सूत पाय घालून बसलेले. खाली शेगडी, वर रजई घातलेलं ते बुटकं टेबल, हिवाळाभर सगळं घर त्याच्याभोवतीच असतं. उजवी बाजू ठीक होती, पाय ओढत घरात चालताही यायचं. डावा हात मात्र मांडीवर ठेवलेला. कुणीतरी दुसऱ्याचा हात सांभाळायला देऊन गेल्यासारखा.

"माझं घड्याळ बांध," ते तोमिएला म्हणाले.

"उजव्या हाताला बांधते."

"डाव्याच."

"अहो, तो हात..."

"म्हणूनच. यंत्राला खोटं बोलता येत नाही. हात जरा जरी हलला, मला कळलं नाही तरी त्याला कळेल."

आठवड्यातून दोनदा कुरोइवाबाई यायच्या, हातपाय हलवून घेणाऱ्या. दणकट, हसऱ्या, पायात वेगवेगळ्या रंगांचे मोजे. पहिल्याच दिवशी त्यांनी योशिनोरींच्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली आणि सांगितलं, "काका, आता उजव्याने डाव्याला वर न्यायचं. दिवसातून जितक्यांदा जमेल तितक्यांदा. लाड करायचे नाहीत त्याचे."

योशिनोरींनी बोटं सोडवली. "उजव्याने उचलला तर तो उजव्याचा झाला. डाव्याचं काय?"

"डाव्याचे सांधे मोकळे राहतील."

"त्याचं तो हलेल तेव्हा बघू."

कुरोइवाबाईंनी पुढे रेटलं नाही. म्हणाल्या, "बरं. मी आले की मी हलवेन. बाकीचे दिवस तुम्ही भांडत बसा हाताशी."

मी डाव्या मनगटावर बसून होतो. माझं वजन तळाशी जाऊन पडलं होतं. वरच्या खोलीत दिवे घालवून सगळे निघून जावेत तसं पोट हळूहळू रिकामं होत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी काट्याने पहिली दुहेरी उडी मारली. योशिनोरी बसल्या जागी डुलक्या घेत होते. तोमिए समोर मोसंब्याएवढी संत्री सोलत होती. तिने ती उडी बघितली. इतकी वर्षं त्या घरात राहून तिला त्याचा अर्थ ठाऊक नसता तरच नवल. ती बराच वेळ काट्याकडे बघत राहिली. सोललेलं संत्रं तसंच हातात.

दुसऱ्या सकाळी त्यांची दाढी करताना ती म्हणाली, "पाणी जाईल त्यात," आणि मला काढून एप्रनच्या खिशात टाकलं. दाढी झाली. ती गच्चीवर गेली. कठड्यावर गाद्या वाळत घातल्या होत्या. तिने मला स्वतःच्या उजव्या मनगटाला बांधलं, वेताचं थोपटणं उचललं आणि गाद्या झोडायला लागली.

मित्रांनो, तसं जेवण मी आयुष्यात जेवलो नव्हतो. कवायत म्हणजे तालात वाढलेलं पान. हे म्हणजे तोंडात कोंबणं. माझं वजन वेड्यासारखं गरगरत होतं, चाकांचे दात करकरत होते, धूळ उडत होती, आणि तोमिए एक शब्द न बोलता झोडत होती. जिथे धूळ नव्हती तिथेसुद्धा.

थोड्या वेळाने मी परत डाव्या मनगटावर. काटा शहाण्यासारखा एकेक सेकंद चाललेला.

संध्याकाळी योशिनोरींनी मला बघितलं. पुन्हा बघितलं. मग उजव्या हाताने माझी काच पुसली.

"तोमिए."

"काय हो?"

"चालतंय."

"हो?"

"म्हणजे हलतोय. झोपेत हलत असेल. मला कळत नाही एवढंच."

तोमिएने तोंड उघडलं होतं. पण त्यांच्या तोंडाची डावी कड, ती खाली उतरलेली, तिथे काहीतरी हसण्यासारखं झालं होतं. तिने तोंड मिटलं आणि भात वाढायला गेली.

मग ते रोजचंच झालं. दाढी, खिसा, गच्ची, गाद्या. शेजारच्या बाईने पलीकडून विचारलं देखील, "मियासाकाबाई, किती पाहुणे येणार आहेत तुमच्याकडे?" तोमिए म्हणाली, "हवा चांगली आहे ना." त्या दिवशी बारीक बर्फ पडत होता.

मी खोटं बोलत होतो का? मी याचा विचार केला आहे. वेळ तर मी बरोबरच सांगत होतो.

याझाकी एकदा नोझावाना या पालेभाजीचं लोणचं घेऊन भेटायला आले. योशिनोरींनी डावा हात उजव्याने उचलून टेबलावर ठेवला, माझं तोंड त्यांच्याकडे करून.

"बघ. सेकंदाला सेकंद."

याझाकींनी माझ्याकडे बघितलं. मग त्या हाताकडे. बोटं आत वळत चालली होती, अंगठा मुठीत गेला होता. मग त्यांनी तोमिएकडे बघितलं, ती चहाची पानं मोजत असल्यासारखी किटलीत बघत होती.

"तुला काय वाटतं, किती हलत असेल?" योशिनोरींनी विचारलं.

याझाकींनी लोणच्याचा देठ तोंडात टाकला. "मी घड्याळवाला आहे. माणसांचं मला काय विचारतोस?"

एवढ्या तिखट माणसाने त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. योशिनोरींच्या ते लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही.

तोमिए रोज ओल्या फडक्याने त्यांचं अंग पुसायची. डाव्या हाताशी आली की तिला बोटं एकेक करून उघडावी लागत. आधी उघडायची. मग फडक्याचं टोकच तेवढं आत जायला लागलं. तळव्याला आंबूस वास यायचा. सदऱ्याची बाही चढवताना खांदा एका जागी येऊन अडायचा आणि योशिनोरींच्या कपाळावर आठी पडायची. "तिथे काही वाटत नाही ना?" ती विचारायची. "नाही," ते म्हणायचे, आणि आठी तशीच.

एका सकाळी तोमिए गच्चीवरून खाली आली तेव्हा कुरोइवाबाई दारात बूट काढत होत्या, ठरल्या वेळेच्या आधीच आलेल्या. मी तोमिएच्या मनगटावर होतो. तिने हात पाठीमागे नेला. पण कुरोइवाबाईंनी बघितलं होतं.

"काकांचं घड्याळ."

"गाद्या झोडताना घालते." तोमिएचा श्वास अजून लागलेला होता. "पहिल्या दिवशी ते इतके... मग मला थांबताच आलं नाही."

कुरोइवाबाई पायरीवर तशाच बसल्या, एक बूट पायात, एक हातात. आतून योशिनोरींनी लावलेल्या टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज ऐकू येत होता.

"मी सांगणार नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "पण खांदा आखडत चाललाय, काकू. मी दोन दिवस हलवून काय होणार? बाकीचे दिवस ते आपोआप हलण्याची वाट बघत बसतात, आणि घड्याळ त्यांना रोज सांगतं, बघा वाट. हिवाळाभर असंच गेलं तर मूठ उघडायची नाही. मग नखं तळव्यात रुततील. बाही घालताना ओरडतील."

"त्यांना त्या हातात काही वाटत नाही."

"कातडीला वाटत नसेल. सांध्याला वाटतं."

तोमिएने मला मनगटावरून सोडलं. तिच्या मनगटावर माझ्या पट्ट्याचा लाल वळ उठला होता.

"मग हात हलत नाही हे त्यांना कळलं तर? ते तर नुसते त्याच्यावर जगतायत."

"ते मला नाही माहीत," कुरोइवाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना पाणी जाईल असं कुणी म्हणालं नाही. मी डाव्या मनगटावरच राहिलो. तिसऱ्या दिवशीही. गच्चीवर गाद्या होत्या, पण झोडण्याचा आवाज आला नाही. माझं वजन तळाशी पडून राहिलं.

जेवण झाल्यावर योशिनोरी मला बघत होते. तोमिए त्यांच्या शेजारी येऊन बसली, कामाचं काहीही हातात न घेता. काटा थांबला. दोन सेकंद. उडी. थांबला. उडी.

त्यांनी तोमिएकडे मान वळवली.

"तू हलवत होतीस."

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"कशाने?"

"गाद्या झोडताना मनगटाला बांधून."

योशिनोरींनी डोळे मिटले. मला वाटलं, म्हणजे वाटलं नाही, पण आता ते ओरडतील असा अंदाज होता. ते अगदी सपाट आवाजात म्हणाले, "झोडताना घालू नये. वजनाचा आस झिजतो."

"झिजू दे," तोमिए तितक्याच सपाट आवाजात म्हणाली. "काहीतरी झिजू दे या घरात. तुम्ही तर काहीच झिजवत नाही."

शेगडी गरम होती. काटा उड्या मारत होता. त्यांनी तोमिएला मला सोडायलाही सांगितलं नाही, हलवायलाही नाही. ती उठून भांडी घासायला गेली. मी डाव्या मनगटावर उड्या मारत राहिलो, मग उड्याही संपल्या.

मधला काळ नव्हता.

मग पोटात एक थेंब पडला. फार लहान. माझं वजन तळापासून जरासं वर सरकलं आणि परत पडलं. पुन्हा सरकलं. हे हेलकावे कवायतीचे नव्हते, गाद्यांचेही नव्हते. इतके संथ की मी जागा व्हायलाच कितीतरी वेळ गेला. काटा एकदम दोन घरं सरकला.

मी डाव्या मनगटावरच होतो. कोतात्सूच्या रजईवर ऊन आलं होतं. त्या मनगटापुढच्या बोटांमध्ये दुसरी बोटं गुंतलेली होती, उजव्या हाताची. उजवा हात डाव्याला छातीपर्यंत नेत होता, तिथून आणखी वर, खांदा अडेपर्यंत. योशिनोरींच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं. समोर कुरोइवाबाई मांडी घालून बसल्या होत्या, आज एक मोजा पिवळा, एक निळा.

"वर... तिथे थांबा... खाली."

"मला काही कळत नाहीये," योशिनोरी म्हणाले.

"कळायला नको. उचला."

ते उचलत होते. माझं वजन सरकत होतं, चाक फिरत होतं, तिळाएवढं चुंबक फिरत होतं. हात कुणाच्या जोरावर वर आला हे त्यातल्या एकानेही विचारलं नाही. वीज झाली. तीच वीज, तेवढीच खरी.

बाई गेल्यावर तोमिए फडकं आणि कोमट पाणी घेऊन आली. तिने मूठ हातात घेतली. करंगळी उघडली. तिच्या शेजारचं बोट उघडलं. बाकीची उघडली नाहीत. जेवढं उघडलं तेवढं तिने पुसलं.

योशिनोरी माझ्याकडे बघत होते. मी मागे थांबलो होतो त्याच वेळेवरून पुढे निघालो होतो, त्यामुळे भर दुपारी माझ्यावर भलतंच काहीतरी वाजलं होतं. त्यांनी उजव्या हाताने माझ्या कडेची काटे लावायची किल्ली धरली आणि ओढली. किल्ली बाहेर आली नाही, सगळं मनगटच तिच्यामागे ओढलं गेलं. त्यांनी पुन्हा ओढली. मनगट पुन्हा आलं. आयुष्यभर अशा हजारो किल्ल्या ओढलेला तो माणूस, आणि धरून ठेवायला दुसरीकडे कुणी नव्हतं.

त्यांनी हात थांबवला. खिडकीकडे बघत म्हणाले, "तू मनगट धर. मी किल्ली ओढतो."

तोमिएने पाण्याचं भांडं बाजूला सारलं आणि दोन्ही हातांनी त्यांचं डावं मनगट टेबलावर धरलं.

"घट्ट धर."

"धरलंय."

"किती वाजले?"

तिने भिंतीकडे बघून वेळ सांगितली. किल्ली बाहेर आली. त्यांनी काटे फिरवले, एकदा पुढे गेले, मागे आणले, आणि किल्ली आत दाबली.

"सोडू का?" तोमिएने विचारलं.

"थांब जरा," ते म्हणाले.

मित्रांनो, तो हात अजून सुन्न आहे. सुन्नच राहील असं कुरोइवाबाई म्हणतात. मूठ आता बरीच उघडते. माझं दुसरं पोटही एक दिवस थकेल आणि याझाकी तेव्हा दुकानात असतील की नाही, सांगता येत नाही.

माझी तुम्हाला विनंती एवढीच आहे. तुमच्या घरात माझ्या जातीचं एखादं जुनं घड्याळ असेल, तर त्याला जपायचं म्हणून पेटीत ठेवू नका, फोटोपुढे मांडू नका, साधा सेल कोंबू नका. काटा दोन-दोन उड्या मारायला लागला तर त्याला मनगटावर घाला आणि कुठेतरी जाऊन या. आणि ते ज्याच्या मनगटावर आहे त्याला एकट्याने काटे लावता येत नसतील, तर घड्याळ काढून घेऊ नका. त्याचं मनगट धरा. किल्ली त्यालाच ओढू द्या.